गस्त आणि गर्दी: भटकण्याला इंग्रजांनी दिलेली नावे

भटकणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत शब्दांची मोठी रास आहे आणि त्या राशीतले बरेचसे शब्द शिव्या आहेत. ‘व्हॅगबाँड’, ‘व्हेग्रंट’, ‘रोग’, ‘रोव्हर’, ‘मॅरॉडर’, ‘फ्रीबूटर’, ‘लोफर’. मराठ्यांच्या इतिहासावरचे एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी लेखन वाचताना यांतले काही शब्द वारंवार आडवे येतात, आणि ते ज्यांच्यासाठी वापरलेले असतात ती माणसे आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतली असतात. मी याच भागातला. त्यामुळे हे शब्द कोठून आले, त्यांच्या पोटात काय आहे आणि ते आपल्यावर येऊन पडल्यावर काय घडले, याचा शोध घेणे मला अभ्यासाइतकेच घरचेही काम वाटते. आजचा धागा त्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम ‘रोग’ हा शब्द घेऊ. आपल्या व्याधीशी त्याचा काही संबंध नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत तो दिसू लागतो तेव्हा त्याचा अर्थ ‘गावोगाव फिरून भीक मागणारा’ एवढाच होता. लबाड, बदमाश हा अर्थ नंतर चिकटला. आणखी पुढे घरातल्या खोडकर पोरालाही लाडाने ‘रोग’ म्हणू लागले. फिरता भिकारी, मग लबाड, मग द्वाड मूल: एका शब्दाचा हा प्रवास ध्यानात ठेवा, कारण मराठीतही असाच एक प्रवास पुढे भेटणार आहे.

‘मॅरॉडर’चे मूळ फ्रेंच. ‘मारो’ म्हणजे भणंग, उडाणटप्पू. युरोपातल्या दीर्घ युद्धांत छावणी सोडून आसपासच्या गावांत लुटालूट करणाऱ्या शिपायांना हे नाव पडले आणि भणंगाचा लुटारू झाला. ‘व्हॅगबाँड’ लॅटिनमधल्या भटकण्याच्या धातूवरून आला; त्यात मुळात गुन्ह्याचा वासही नाही. ‘फ्रीबूटर’ डचांकडून आला. त्याचा शब्दशः अर्थ मोकळ्या लुटीवर जगणारा. अमेरिकेच्या संसदेत लांबलचक भाषणे करून कामकाज अडवून धरण्याला ‘फिलिबस्टर’ म्हणतात, तोही याच डच शब्दाचा स्पेनमार्गे आलेला भाऊ.

सर्वांत गमतीचा ‘रोव्हर’. डच आणि उत्तर जर्मन बोलींत त्याचा अर्थ दरोडेखोर, विशेषतः समुद्रावरचा. इंग्रजीत मात्र ‘रोव्ह’ असा आणखी एक शब्द होता. तिरंदाजीच्या सरावात ठरावीक निशाण न घेता वाटेत दिसेल त्यावर बाण सोडणे, असा त्याचा जुना अर्थ, आणि त्यावरून ठिकाण न ठरवता फिरणे. दोन्हींचा उच्चार सारखा. शतका-दोन शतकांत लोकांच्या मनात ते एकमेकांत मिसळून गेले आणि हेतूविना हिंडणारा व समुद्रावर लूट करणारा हे दोघे एकाच नावाने ओळखले जाऊ लागले. मंगळावर फिरणाऱ्या यांत्रिक गाडीलाही आज हेच नाव आहे. तिला कोणी चाचा म्हणत नाही, कारण ती सरकारी आहे.

शब्द एकमेकांत मिसळतात याला कोणाचा इलाज नाही. ती मिसळण कायद्यात उतरते तेव्हा मात्र माणसांच्या कातडीवर वळ उठतात, आणि हे मी अलंकारिक म्हणत नाही. १५७२ च्या इंग्लंडमधल्या कायद्यानुसार, धडधाकट असून काम न करता हिंडणारा माणूस दोषी ठरला तर त्याला फटके मारून त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला तापल्या सळईने भोक पाडीत. त्याच शतकाच्या अखेरीस झालेल्या पुढच्या कायद्याच्या नावातच ‘रोग’ आणि ‘व्हॅगबाँड’ हे शब्द होते. इंग्लंडच्या शेतजमिनींना कुंपणे पडत होती, कुळे बाहेर काढली जात होती, आणि रस्त्यावर आलेल्या त्या माणसांना शब्दकोशात जागा मिळाली ती अशी.

या परंपरेतला आपल्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा १८२४ चा. नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५ मध्ये संपली. हजारो शिपाई मोकळे झाले आणि काम नसल्याने रस्त्यांवर आले. या कायद्याने माणसांच्या तीन पायऱ्या केल्या. पहिली ‘आळशी आणि बेशिस्त’, दुसरी ‘रोग आणि व्हॅगबाँड’, तिसरी ‘न सुधारणारा रोग’. खालच्या पायरीवरचा पुन्हा सापडला की वरच्या पायरीवर चढे. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना धान्याच्या कोठारात किंवा उघड्यावर रात्र काढणे एवढ्यानेच माणूस दुसऱ्या पायरीवर पोचत असे. भटकणे आणि बेशिस्त यांची गाठ इथे पक्की बांधली गेली. यात चोरी सिद्ध करण्याची गरज नव्हती; पायांची हालचाल हाच पुरावा होता.

आता याच दशकात इकडे काय चालले होते ते पाहू. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनच्या गडांवरचे, पागांमधले, शिबंदीतले लोकही असेच एका रात्रीत मोकळे झाले. १८२० मध्ये भोरच्या पंतसचिवांशी कंपनीने तह केला आणि भोर हे कंपनीच्या छत्राखालचे संस्थान झाले. साताऱ्यात रेसिडेंट असलेला जेम्स ग्रँट डफ कागदपत्रे जमवीत होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला छापून निघाला. म्हणजे इंग्लंडमध्ये व्हॅगबाँडांचा कायदा झाल्यावर अवघ्या दोन वर्षांनी. ज्या समाजात फिरता माणूस हा संशयित, हे गृहीत धरलेले होते त्या समाजासाठी हे पुस्तक लिहिले जात होते. मावळातल्या माणसांच्या हालचाली वर्णन करण्यासाठी त्या भाषेत तयार असलेले शब्द कोणते, हे आता वेगळे सांगायला नको.

ग्रँट डफवर मी अन्याय करू इच्छित नाही. त्याने कष्टाने कागद जमवले आणि त्याच्याइतकी सामग्री तोवर कोणी एकत्र केली नव्हती. लुटालूट झालीच नाही असेही म्हणता येणार नाही. सुरत १६६४ मध्ये लुटली गेली, १६७० मध्ये पुन्हा लुटली गेली, आणि मराठी कागद त्याला ‘लूट’ असेच म्हणतात. त्यांना या शब्दाची लाज नव्हती. इंग्रजांनाही हा शब्द इतका आवडला की आपल्या भाषेत लुटीची एवढी नावे असताना त्यांनी तोही उचलून नेला. प्रश्न वेगळा आहे. तोरणा घेणे, त्याच डोंगररांगेत राजगड बांधणे, बारा मावळांच्या देशमुखांना एका शिस्तीखाली आणणे, हे सगळे हिंडण्याच्या आणि लुटण्याच्या शब्दांत सांगता येते काय? सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला वणवा लागावा तसा मराठ्यांचा उदय झाला, असे रूपक डफने वापरले. वणवा कोणी ठरवून पेटवीत नाही, तो भरकटत पसरतो. म्हणजे रूपकही भटक्यांच्याच घराण्यातले.

या मांडणीला पहिले जाहीर उत्तर देणारा माणूस तुमच्या वयाचा होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६० च्या दशकात, विद्यार्थिदशेच्या सुमारास, ‘ग्रँट डफच्या बखरीवर टीका’ लिहिली. पुढे १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्या वणव्याच्या उपमेलाच हात घातला आणि ‘फ्रीबूटर’च्या कल्पनेने हा इतिहास उलगडत नाही असे दाखवून दिले. रानड्यांनी हे इंग्रजीत लिहिले हे मला महत्त्वाचे वाटते. ज्या भाषेत शब्द चुकीचा पडला होता, त्याच भाषेत जाऊन तो उचलावा लागतो.

इथे एक सूचना, कारण हा धागा वाचून कोणीतरी प्रतिसादात लिहीलच: ‘मवाली’ हा शब्द ‘मावळे’ वरून आला आणि इंग्रजांनी आपल्या बदनामीसाठी तो रूढ केला, अशी पोस्ट दर काही महिन्यांनी फिरत असते. तिच्यासोबत एकही कागद नसतो. अरबीत ‘मौला’ या शब्दाचे अनेकवचन ‘मवाली’ असे होते. आश्रित, ताबेदार, असा त्याचा एक जुना अर्थ. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून त्यांचे नाते लावून टाकणे म्हणजे रोव्हरच्या बाबतीत इंग्रजांनी जे नकळत केले तेच आपण जाणूनबुजून करणे. ‘मावळ’ हे सूर्य मावळण्याच्या दिशेवरून पडलेले नाव आहे. त्याला एवढे पुरेसे आहे.

आणि या सगळ्यात आपली मराठी धुतल्या तांदळासारखी आहे, असा समज करून घेऊ नका. आमच्या घरी सुट्टीत रोहिड्याला किंवा रायरेश्वराला जायचे म्हटले की आजीचे पहिले वाक्य असे, ‘कशाला उंडारायचंय रे रानोमाळ?’ उंडारणे म्हणजे नुसते फिरणे नव्हे; काम टाकून, कोणाचे न ऐकता, मोकाट फिरणे. त्यातूनच उंडगा. उनाड, हुंदडणे, उडाणटप्पू, भणंग ही सगळी मंडळी आपलीच. भटकणारा तो वाह्यात, हे गणित आजीने इंग्रजांकडून घेतले नव्हते.

याहून जुना दाखला हवा असेल तर ‘व्रात्य’ पाहा. आज शेजारच्या काकू चेंडूने काच फोडणाऱ्या पोराला व्रात्य म्हणतात. ‘व्रात’ म्हणजे टोळी, समूह. वैदिक वाङ्मयातले व्रात्य हे टोळ्यांनी फिरणारे लोक. ते शेती करीत नाहीत, व्यापार करीत नाहीत, डोक्याला पागोटे बांधून आणि हातात पराणी घेऊन आडवाटांनी चालणाऱ्या गाड्यांतून हिंडतात, असे त्यांचे वर्णन तांड्य ब्राह्मणात आहे. त्यांना समाजात घेण्यासाठी व्रात्यस्तोम नावाचा विधी होता. गंमत अशी की अथर्ववेदाचे पंधरावे कांडच्या कांड व्रात्याचा गौरव करते. स्मृतींच्या काळापर्यंत मात्र व्रात्य म्हणजे वेळेवर मुंज न झालेला, असा दूषणाचा अर्थ आला, आणि मराठीत येईपर्यंत तो दंगेखोर मूल झाला. ‘रोग’चा प्रवास आठवला ना? दोन्ही शब्द शेवटी द्वाड मुलाच्याच घरी येऊन बसले.

‘गोंधळ’ घ्या. तुळजाभवानी आणि रेणुकेचे गोंधळी संबळ वाजवीत, दिवटी घेऊन गावोगाव फिरत. लग्नानंतर देवीच्या नावाने रात्रभर चालणारे ते विधिनाट्य. आज कार्यालयात फाइल सापडली नाही की ‘काय गोंधळ आहे’ असे म्हणतो. फिरत्या भक्तांची उपासना, ती घरात बसलेल्यांच्या कानांना निव्वळ गलबला वाटली. ‘तमाशा’ तर आणखी दूरचा. अरबीतला चालण्याचा धातू, त्यापासून फारसीत मौजेसाठी फेरफटका मारणे, मग त्या फेरफटक्यात दिसणारे प्रेक्षणीय दृश्य, मग आपला लोकनाट्याचा प्रकार, आणि शेवटी ‘चारचौघांत तमाशा करू नकोस’. चालण्यापासून आरडाओरडीपर्यंत.

असे का व्हावे? मला वाटते, मुळात एक साधी शारीरिक कल्पना आहे. इंग्रजीतला भटकण्याचा सर्वांत साधा शब्द ‘वाँडर’. तो वळणे, गुंडाळणे या अर्थाच्या जुन्या शब्दांच्या गोत्यातला आहे. आपल्या ‘फिरणे’ या क्रियापदातही वळणे आणि हिंडणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पाय फिरतात, पाठ फिरते, शब्द फिरतो, आणि डोके फिरते तेव्हा शेजारी दार लावून घेतात. जे सरळ जात नाही, ठरल्या वाटेने जात नाही, त्याची भीती वाटणे हे फार जुने असावे.

पण या गोत्यातला एक शब्द असा आहे की ज्याने मला हा धागा लिहायला बसवले. फारसीत ‘गश्तन्’ म्हणजे फिरणे, वळणे. या एका क्रियापदाच्या दोन रूपांतून मराठीत दोन शब्द आले. भूतकाळी रूपातून ‘गस्त’, वर्तमानकाळी रूपातून ‘गर्दी’. गस्त म्हणजे रात्री राखणीसाठी घातलेली फेरी. गर्दी म्हणजे आज माणसांची दाटी. पण जुन्या कागदांत गर्दीचा अर्थ दंगा, हलकल्लोळ, अनर्थ असा येतो. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या वेळी जो कहर झाला ती ‘भाऊगर्दी’. आज लग्नाच्या पंगतीला आपण तोच शब्द बिनदिक्कत वापरतो. पोलिसांच्या बातम्यांत मात्र जुना अर्थ शिल्लक आहे. ‘गर्दी-मारामारीचा गुन्हा दाखल’ असे त्या अजूनही छापतात. म्हणजे शांतता राखणारी फेरी आणि शांतता मोडणारा दंगा, दोघांची आई एक. फरक एवढाच की फिरणाऱ्याला कोणी नेमले आहे.

आणि आमच्या भागात हा फरक एका माणसाच्या आयुष्यात घडला.

गडांच्या घेऱ्यात, म्हणजे पायथ्याच्या आणि उताराच्या पट्ट्यात, मेटे असत. मेट म्हणजे चौकीची जागा. तिथे राहून गडाच्या वाटांवर, चोरवाटांवर नजर ठेवणारे, रात्री फेऱ्या घालणारे लोक बहुधा रामोशी, महार, मांग, कोळी असे. गावातही रामोशाकडे राखण असे. चोरी झाली तर माग काढून देणे ही त्याची जबाबदारी, आणि माग निघाला नाही तर भरपाईचा बोजाही त्याच्यावर. रात्री हिंडणे हा त्याचा हक्क होता, नोकरी होती, वतन होते.

उमाजी नाईक १७९१ मध्ये पुरंदरजवळच्या भिवडी गावी जन्मले, अशा राखणदारांच्या कुळात. पुरंदरच्या राखणीचे हक्क हातचे जाताना त्यांच्या पिढीने पाहिले. राज्य बदलले, गडांचे महत्त्व संपले, घेऱ्यातल्या माणसांची गरज संपली. डोंगर मात्र तेच होते, वाटा त्याच होत्या, आणि रात्री त्या वाटांनी चालण्याची सवय असलेले पायही तेच. १८२० च्या दशकाच्या मध्यापासून उमाजींचे बंड पेटले. मधल्या काळात सरकारने जमेना म्हणून त्यांना माफी दिली आणि त्याच मुलखाच्या बंदोबस्ताच्या कामावर नेमले. याचा अर्थ नीट पाहा: गस्त, मग बंड, मग सरकारच्या वतीने पुन्हा गस्त, मग पुन्हा बंड. माणूस एकच, डोंगर एकच; कागदावरचे नाव दर खेपेला वेगळे. १८३१ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भोरजवळच्या उत्रौलीत ते पकडले गेले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

त्यांना पकडण्याच्या मोहिमेतला अधिकारी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३३ मध्ये पुस्तक लिहिले. रामोशांच्या जमातीची उत्पत्ती आणि सद्यःस्थिती, असा विषय; त्यातच उमाजींचे चरित्र. माहितीच्या दृष्टीने हे पुस्तक आजही टाळता येत नाही. उमाजींच्या सामर्थ्याविषयीचा आदर त्यात लपलेला नाही. पण मांडणी पाहा: एका माणसाने बंड केले, तर त्याची कारणे शोधताना त्याच्या संपूर्ण जमातीची ‘उत्पत्ती’ शोधायची. इंग्लंडमध्ये निदान एकेका इसमाला पकडून ‘रोग’ ठरवीत. इथे जात ही सोय तयार होती.

पदवीच्या वर्षाला असताना मी आणि माझा एक मित्र पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात बसून हे पुस्तक चाळत होतो. मित्र भोर तालुक्यातला, रामोशी कुटुंबातला. त्याच्या पणजोबांकडे गावची राखण होती आणि ती काठी त्यांच्या घरात अजून आहे. एका पानावर तो बराच वेळ थांबला. त्या पानावर त्याच्या समाजाच्या राखणीच्या कामाविषयीही लिहिले होते आणि चोरीच्या धंद्याविषयीही. मला वाटले तो रागावेल. तो म्हणाला, ‘आमच्या आज्याला रात्री बाहेर दिसला नाही तर पाटील ओरडायचा. तिकडं बाहेर दिसला तर फौजदार.’ मग त्याने पान उलटले आणि पुढे वाचू लागला. त्या वाक्यापुढे माझे शब्दव्युत्पत्तीचे टिपण फारच पातळ वाटले, पण ते मी जपून ठेवले. वरची गस्त-गर्दीची जोडी त्याच टिपणातली.

फौजदाराचा उल्लेख उगाच नव्हता. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधी उत्तरेकडे लागू होता; १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यालाही कवेत घेतले. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय हद्द ओलांडण्यास मनाई. जन्मालाच गुन्हा मानणारी ही व्यवस्था ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाली आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. भामटा हेही नाव आहे. हे दुसरे नाव आपण फसवणाऱ्याला सर्रास शिवी म्हणून वापरतो, हे जाता जाता लक्षात घ्या. लंडनमध्ये १८९८ च्या सुमारास वृत्तपत्रांनी उचलून धरलेला ‘हूलिगन’ हा शब्दही एका आयरिश आडनावावरून आला असे मानतात. परक्याचे नाव घेऊन त्याचे विशेषण करणे ही युक्ती कोणत्याही एका देशाची नाही.

आपल्या राज्यात ‘भटके विमुक्त’ असा जोडशब्द रूढ आहे. फिरण्यावरून ओळखले गेलेले आणि गुन्ह्यावरून ओळखले गेलेले, दोघे एका सरकारी शब्दात शेजारी बसले. या जोडशब्दाने चळवळीला बळ दिले, सवलतींना आधार दिला, हे खरेच. तरी तो वाचताना मला १८२४ ची ती गाठ दिसते. ती गाठ १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात तर उघडच आहे. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणे, हेही त्या कायद्याच्या व्याख्येत भीक मागण्यात मोडते. स्वातंत्र्याला बारा वर्षे झाल्यावरचा हा कायदा आहे.

आता ‘लोफर’. हा शब्द मुद्दाम शेवटी ठेवला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून तो पसरला आणि हिंदुस्थानात त्याला खास अर्थ मिळाला. जहाजांवरून पळालेले खलाशी, रेल्वेच्या कामावरून काढलेले कामगार, पलटणीतून सुटलेले गोरे शिपाई दारू पिऊन बाजारांतून हिंडत, खेडुतांना धमकावून जेवण मागत. साहेबाची अब्रू रस्त्यावर येऊ लागली. म्हणून सरकारने १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७४ मध्ये केवळ युरोपियन भटक्यांसाठी स्वतंत्र कायदा केला: त्यांना धरायचे, कामाला लावायचे, नाही जमले तर मायदेशी पाठवून द्यायचे. ज्या ‘लोफर’ शब्दाने आपण चौकातल्या टारगट पोरांना हाक मारतो, तो या देशात मुळात गोऱ्यांना लावला जात होता. त्यांच्यासाठी मात्र कोणी ‘इंग्रज जमातीची उत्पत्ती आणि सद्यःस्थिती’ शोधायला बसले नाही.

गेल्या काही वर्षांत ‘भटकंती’ हा शब्द मात्र नशीब काढून आला आहे. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला. शनिवार-रविवारी गुंजवणे, पाली, वेल्हे इथे गाड्यांच्या रांगा लागतात. भटकंती हा छंद आहे, प्रतिष्ठा आहे, ओळख करून देताना सांगायची गोष्ट आहे. त्याच वाटेवर पावसाळ्यात ‘हुल्लडबाजी करू नये’ अशा पाट्या असतात, कारण ध्वनिक्षेपक घेऊन सुवेळा माचीवर नाचणारेही याच रांगेतून येतात. त्यांना कोणी जमात म्हणत नाही, ते ‘पर्यटक’ असतात. पावसाळा सरल्यावर कळप घेऊन घाटाने कोकणात उतरणारे मेंढपाळ आणि मधेघाटाच्या रस्त्यावर गाडी उभी करून आरडाओरडा करणारे तरुण, या दोघांत रात्री दहा वाजता ‘कुठून आलात, कुठे चाललात’ हे कोणाला विचारले जाते, ते एकदा त्या रस्त्याने जाऊन स्वतः पाहा. मी पाहिले आहे. मेंढपाळाने कागद दाखवला, पोरांनी सेल्फी काढली.

उत्रौलीच्या बाजूने जाणे झाले तर आसपासच्या जुन्या माणसांना उमाजींविषयी जरूर विचारा. मात्र उत्तर ऐकताना ते त्यांच्यासाठी कोणते शब्द वापरतात ते टिपून ठेवा; बंडखोर, राजे, नाईक, दरवडेखोर, जे काही येईल ते जसेच्या तसे, आणि सांगणाऱ्याचे वय व गाव लिहून ठेवा. पुढचा धागा राजगडाच्या घेऱ्यातल्या मेटांवर आहे. कोणती मेटे कोठे होती आणि आज तिथे काय उभे आहे, हे त्यात पाहू. कोणाच्या घरी राखणीच्या वतनाचा जुना कागद असेल तर त्याचे छायाचित्र अवश्य पाठवा.